नाशिकमधील वाईन पर्यटन

नाशिक जिल्ह्यातील द्राक्षमळे व वाईननिर्मिती केंद्रे पाहणे, तेथील वाईनची चव घेणे आणि तेथेच भोजन वा मुक्काम करणे, या पर्यटनप्रकारास नाशिकमधील वाईन पर्यटन असे म्हणतात. गंगापूर धरणाचा परिसर हे त्याचे प्रमुख क्षेत्र असून दिंडोरी व इगतपुरी तालुक्यांतही अशी केंद्रे आहेत.

पार्श्वभूमी

राजीव सामंत यांनी १९९९ मध्ये सुला विनयार्ड्सची स्थापना केली. 'सुला' हे नाव त्यांच्या मातोश्री सुलभा यांच्या नावावरून घेतलेले आहे. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यावर जिल्ह्यात या व्यवसायाला वेग आला. सुलाने २००५ मध्ये पर्यटकांसाठी वाईन चाखण्याचे दालन उघडले.

भोजन आणि मुक्काम

केंद्राची फेरी व वाईनचा आस्वाद हा कार्यक्रम साधारणपणे तासाभरात आटोपतो. केवळ तेवढ्यासाठी आलेला पर्यटक लगेच परततो. मनोरंजन उद्यानांपुढेही हाच प्रश्न असतो: खेळ संपले, भूक लागली आणि आत मनाजोगते जेवण नसले, की कुटुंब फाटकाबाहेर पडते. खोपोलीजवळील इमॅजिका उद्यान २०१३ मध्ये सुरू झाले व पुढे त्याला लागून हॉटेल उभे राहिले, त्यामागचा विचार याहून निराळा नाही. नाशिकच्या केंद्रांनी मळ्याकडे तोंड करून बसता येईल अशी उपाहारगृहे काढली. सुलाच्या आवारात इटालियन व भारतीय अशा दोन्ही पद्धतींचे भोजन मिळू लागले. सूर्यास्ताची वेळ आणि जलाशयाचे दृश्य यांमुळे दुपारी आलेला पाहुणा रात्रीच्या जेवणापर्यंत रेंगाळतो.

मात्र उशिरापर्यंत थांबण्यात एक अडचण आहे. मुंबई येथून सुमारे १७० किलोमीटर दूर आहे आणि बहुतेक पर्यटक स्वतःच्या वाहनाने येतात. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे हा गुन्हा आहे. त्यामुळे भोजनाला मुक्कामाची जोड देणे हे सोयीइतकेच सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक ठरते. सुलासह काही केंद्रांनी निवासव्यवस्था उभारली आहे.

नाशिकची ओळख असलेली मिसळ मात्र या वेळापत्रकात सकाळीच येते. पंचवटी किंवा त्र्यंबकेश्वरचे दर्शन, गंगापूर रस्त्यावर मिसळ आणि दुपारनंतर द्राक्षमळा, असा अनेकांचा क्रम असतो.

हंगाम

द्राक्षांची तोडणी मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात होते. पायाने द्राक्षे तुडवण्याचा कार्यक्रमही याच दिवसांत ठेवला जातो. सुलाफेस्ट हा संगीत महोत्सव २००८ पासून सुरू झाला.