फाँट हरवला, भाऊ सापडला



आपल्या आदिलाबादच्या जुन्या मराठी घरांत एक गोष्ट सापडतेच सापडते. आजोबांच्या पेटीतले कागद, जे घरात कुणालाच वाचता येत नाहीत. काही मोडीतले, काही निजामाच्या अमदानीतले उर्दू. कागद शाबूत, शाई शाबूत, वाचणारे गेले. संगणकावरच्या लिखाणाचंही असंच होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आपल्या देशात आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. पुढच्याच वर्षी गणेश चतुर्थीला 'मायबोली' सुरू झाली आणि परदेशातली मराठी मंडळी तिथं जमू लागली. चार मराठी माणसं जमली की टवाळी आलीच! विडंबनं, चिमटे, किस्से ई-मेलनंही फिरू लागले.

माझा धाकटा भाऊ जिनिंगमध्ये हिशेबनीस होता. २००१ च्या सुमारास तो सायबर कॅफेत बसून असले लेख मित्रांना पाठवायचा. एक लेख आमच्या बँकेत आलेल्या संगणकावर होता. त्यात एक 'बंधुराज' साहेब होते. ते म्हणजे मीच, हे शाखेत सगळ्यांनी ओळखलं. मी इतका चिडलो की लेख वाचलासुद्धा नाही. तोही पुढे कधी बोलला नाही. भाऊ जाऊन आता अकरा वर्षं झाली.

गेल्या दिवाळीत कपाट आवरताना त्याची सीडी मिळाली. फाइल उघडली, तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. मला वाटलं, बिघडली.

नातीनं समजावलं, "आजोबा, काही बिघडलं नाही." तेव्हाचे मराठी फाँट इंग्रजी अक्षरांच्याच जागेवर मराठी आकार बसवायचे. तो फाँट संगणकात नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच निघाली होती. त्यात देवनागरीला १२८ जागा स्वतंत्र दिलेल्या आहेत, म्हणून आज कुठल्याही मोबाइलवर मराठी दिसतं. पण ते घरोघरी पोचेपर्यंत बरीच वर्षं गेली. मधल्या काळातलं लिखाण तसंच अडकून पडलं.

सुदैवानं सीडीवर भावानं फाँटचं नाव लिहिलं होतं. शेवटी हिशेबनीसच तो! नातीनं मजकूर युनिकोडमध्ये आणला. ऱ्हस्व वेलांट्या आणि रफार इकडेतिकडे गेले होते, ते आम्ही दोघांनी बसून दुरुस्त केले.

मग लेख पहिल्यांदा वाचला. "संगणक आल्यापासून चूक कुणाची ते कळत नाही, पूर्वी निदान शिपायाची असायची." मी एकटाच हसलो. शेवटी लिहिलं होतं, "बंधुराज मात्र अजून हातानं बेरीज करून बघतात. म्हणून आमचे पैसे त्यांच्याच शाखेत."

चोवीस वर्षं मी या वाक्यावर रागावून बसलो होतो.

मंडळी, तुमच्याकडे जुन्या सीड्या, फाइली असतील तर 'खराब झाल्या' म्हणून टाकू नका. आधी फाँटचं नाव शोधा. मोडी वाचणारा शोधावा लागतो, इथं निदान घरात नातवंडं आहेत.

आणि घरच्या माणसानं चिमटा काढला, तर लेख शेवटपर्यंत वाचा.