नाव कुणाच्या हवाली?

गोव्यातल्या पेडण्याच्या गाड्यांच्या पाटीवर ‘जीए’ ही दोन अक्षरं असतात. इंटरनेटवर मात्र ‘डॉट जीए’ म्हणजे आफ्रिकेतलं गॅबन. देशांच्या दोनअक्षरी संकेतांची आंतरराष्ट्रीय यादी पहिल्यांदा निघाली ती १९७४ साली, आणि गोवा १९६१ मध्येच भारतात आला होता. त्यामुळे त्या यादीत गोव्याला स्वतःची अक्षरं कधी मिळालीच नाहीत, ‘इन’ तेवढं वाट्याला आलं. गोव्यासारखीच पोर्तुगीज वसाहत असलेल्या तिमोरचं तसं झालं नाही. ‘पोर्तुगीज तिमोर’ म्हणून ‘टीपी’ ही अक्षरं यादीत गेली आणि ‘डॉट टीपी’ २०१५ पर्यंत टिकलं.

ही यादी इंटरनेटसाठी घेतली जॉन पोस्टेल यांनी. कुठला प्रदेश देश आहे नि कुठला नाही, हे आपण ठरवायचं नाही, म्हणून दुसऱ्यांनी केलेली यादी बरी, अशी त्यांची भूमिका. मार्च १९९४ च्या त्यांच्या टिपणात (आरएफसी १५९१) देशाचं डोमेन सांभाळणाऱ्याला ‘विश्वस्त’ म्हटलं आहे. त्या देशातल्या लोकांच्या वतीने आणि जगभरच्या इंटरनेटच्या वतीनेही त्याने ते सांभाळायचं. मालकी आणि हक्क यांची भाषा इथे गैरलागू आहे, बोलायचं ते जबाबदारीबद्दल आणि सेवेबद्दल, असं ते टिपण बजावतं. डोमेनच्या व्यवहारात पुढे भेटणाऱ्या ‘ट्रस्ट’ या शब्दाचं मूळ मला इथे दिसतं.

गोव्याच्या माणसाला ही कल्पना परकी वाटू नये. गावकरी या गावसंस्थेची जमीन गावाची, पोर्तुगीजांनी तिला ‘कोमुनिदाद’ म्हटलं तरी. गावकार कोण, हे जन्माने ठरायचं. देवस्थानांतही १९३३ च्या नियमावलीपासून महाजनांची नावं नोंदवहीत चढतात आणि समितीच्या निवडणुकीत मत देण्याचा अधिकार त्या नोंदीवरून मिळतो. देव सगळ्यांचा, पण कारभारात बोलायला आधी वहीत नाव हवं.

‘डॉट इन’ १९८९ मध्ये जन्माला आलं, आणि सुरुवातीची त्याची वहीही अशीच कडक होती. मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडे ते काम होतं. कागदपत्रं दाखवायची, तेव्हा नाव मिळायचं. १९९२ ते २००४ या काळात जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. २००५ च्या सुरुवातीला नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाने (निक्सी) दार उघडलं आणि भारतात राहण्याची अटच उरली नाही.

सगळ्याच देशांनी दार असं उघडलं नाही. कॅनडाच्या ‘डॉट सीए’ला आजही कॅनडाशी नातं लागतं: नागरिक, कायमचा रहिवासी, तिथली कंपनी, किंवा तिथल्या कायद्याखाली स्थापन झालेला ट्रस्ट. त्या ट्रस्टचे दोन तृतीयांशांहून जास्त विश्वस्त स्वतः कॅनडाशी तसे बांधलेले हवेत. ही अट मला शहाणपणाची वाटते. ती ट्रस्टच्या कागदावर थांबत नाही, आतल्या माणसांपर्यंत जाते.

कारण दरम्यान एक धंदा उभा राहिला होता. ज्या देशात पाय नाही तिथल्या डोमेनसाठी स्थानिक माणूस गाठायचा, नाव त्याच्या नावावर, वापर आपला. त्यालाही ‘ट्रस्टी सेवा’च म्हणतात. पोस्टेल यांचा विश्वस्त लोकांसाठी नाव राखणारा होता, हा नुसतं नाव उसनं देणारा. एकच शब्द, पण राखण आणि भाडं यांत केवढं अंतर!

युरोपीय संघाच्या ‘डॉट ईयू’वर हे अंतर कोर्टात मोजलं गेलं. २००५ च्या अखेरीस सुरुवातीचा मान युरोपातल्या व्यापारचिन्हधारकांना आणि त्यांच्या परवानाधारकांना होता. वॉल्श ऑप्टिकल ही अमेरिकी कंपनी, म्हणजे अपात्र. तिने बेल्जियमच्या ब्युरो गेव्हर्स या सल्लागार संस्थेशी ‘परवाना’ करार केला आणि ‘लेन्सवर्ल्ड’ हे नाव त्या संस्थेने स्वतःच्या नावावर घेतलं. ते पी ऑप्टिक या बेल्जियन कंपनीलाही हवं होतं, ती कोर्टात गेली. जुलै २०१२ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं: ज्याला चिन्ह व्यापारात वापरायचा अधिकारच नाही, पैसे घेऊन फक्त नोंदणी करून द्यायची आहे, तो परवानाधारक नव्हे.

याच ‘डॉट ईयू’चा धागा पेडण्या-डिचोलीपर्यंत येतो. डिचोली १७८१ मध्ये आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेलं. नव्या काबिजादीतले, म्हणजे पोर्तुगीजांनी नंतर मिळवलेल्या मुलखातले हे महाल. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. त्याबरोबर भारतीय नागरिकत्व जातं, आणि घरोघरी त्याची हुरहुर असते. ऑक्टोबर २०१९ पासून ‘डॉट ईयू’साठी युरोपात राहण्याची अट नागरिकांना उरली नाही, नागरिकत्व पुरतं. म्हणजे पोर्तुगीज पासपोर्टवर पेडण्यात राहणाऱ्याला कुणाचंही नाव उसनं न घेता ते मिळू शकतं. ब्रिटन संघाबाहेर पडल्यावर तिथल्या अनेकांची ‘डॉट ईयू’ नावं गेली. ब्रिटनमधल्या स्विंडनमध्ये स्थायिक झालेला, पोर्तुगीज पासपोर्टचा गोवेकर मात्र पात्रच राहिला. आजोबांच्या जन्माची एक नोंद इतक्या दूरवर उपयोगी पडते, याचं मला फार अप्रूप आहे.

भारतातही वही पुन्हा उघडली गेली आहे, निदान एका कोपऱ्यात. फसवणूक वाढली म्हणून रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला लावलं. ही नावं फक्त हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्था देते, तीही फक्त बँकांना. खातेदाराची पुंजी जिथे पणाला लागते तिथे अशी अट हवीच.

आणि ‘डॉट भारत’. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीत ते सुरू झालं, तेव्हाच्या आठ भाषांत मराठी आणि कोंकणी दोन्ही होत्या. आतलं यंत्र अजूनही रोमन अक्षरांवरच चालतं, आपलं नाव त्यात रूपांतरित होऊन जातं. तिथे अनुस्वाराचा एक ठिपकाही नाव बदलतो. मराठीत आपण पेडणे लिहितो, कोंकणीत पेडणें, आणि यंत्राला ती दोन निराळी गावं. डिचोलीला कोंकणीत दिवचल म्हणतात, सरकारी रोमन पाटीवर बिचोलिम. तिन्ही नावं एकाच गावाची. ती तीन वेगवेगळ्या अनोळखी माणसांनी घेतली, तरी आजच्या नियमांत कुणी त्यांना तुम्ही कुठले, असं विचारणार नाही. डिचोलीच्या ग्रामदेवतेच्या देवळात मात्र तो प्रश्न आजही विचारला जातो, वही समोर ठेवून.