ओटी

रात्रीचे आठ. जासईजवळच्या कंटेनर यार्डाच्या गेटवर तू अंगठा लावतोस. सकाळी आठलाच आला होतास. पगाराच्या पावतीवर ओटीचा, म्हणजे ओव्हरटाइमचा, रकाना आहे, आकडा नाही. सुपरवायझर म्हणतो, बघू पुढच्या महिन्यात.

दास्तान फाट्याकडे वळतोस, तर रस्ताभर माणसंच माणसं. 16 जानेवारी 1984. दि. बा. पाटलांच्या हाकेला धावून आलेले शेतकरी, संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी. गोळ्या सुटतात. आज नि उद्या मिळून पाच जण जातील, मग कुठे साडेबारा टक्के जमीन परत देणारी योजना येईल. यार्डं अशाच भातखाचरांवर उभी आहेत.

अजून मागे चल. 1928, परळ. भोंगा होतो, कापसाची तूस नाकातोंडात जाते. तू विणकामाच्या साचेखात्याच्या दारात उभा, कारण चांगला पैसा तिथेच. जॉबर मान वर न करता सांगतो, ‘रिंगखात्यात जा.’ या फेरीत तुझा जन्म अस्पृश्य मानलेल्या घरातला. धोट्यातली कांडी संपली की नवा धागा तोंडानं ओढून घ्यायचा असतो, आणि तुझ्या ओठांना लागलेला धोटा दुसरा कुणी ओठांना लावणार नाही. एप्रिलमध्ये मोठा संप होतो. लाल बावट्याखाली सगळे एक, असं तुलाही वाटतं. पण साचेखातं आमच्या माणसांना खुलं करा ही मागणी आंबेडकरांना मालकांच्या आधी संपाच्या पुढाऱ्यांपाशी लावून धरावी लागते.

पुढे मजूर खातं त्याच आंबेडकरांकडे येतं. 1946 मध्ये कारखान्यातला आठवडा 54 तासांवरून 48 वर येतो. 1948 च्या कारखाने कायद्यानं ठरवलं: दिवसाला नऊ किंवा आठवड्याला 48 तासांच्या वर काम घेतलं, तर त्या तासांचा पगार दुप्पट. समान कामाला बाईलाही पुरुषाएवढाच पगार, हे कायद्यात लिहायला मात्र 1976 उजाडतं.

पुन्हा गेट. यार्ड झाडणारी मावशी डबा पिशवीत घालतेय. तीही सकाळी आठचीच. तू विचारतोस, ‘मावशे, तुझ्या पावतीवर ओटी लावली का गं?’

ती हसते. ‘आमची ओटी नवरात्रानच, बाला.’