घाटाची चढण आणि गाडीचा गियर

कल्याणहून मुरबाड, टोकावडे करीत पूर्वेला निघाले की सह्याद्रीची भिंत समोर उभी राहते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदरात उतरलेला माल इथल्याच नाणेघाटाने जुन्नरकडे चढत असे. ओझ्याचा बैल चढणीवर पळत नाही. तो पाऊल आखूड टाकतो. मोटारीतला गियर तरी दुसरे काय करतो? वेग सोडून जोर घेतो.

आज ठाणे-डोंबिवलीची मंडळी आडवाटेची गाडी घ्यायला निघाली की घरात वाद पेटतो: गियर हाताने बदलायचा घ्यावा, की आपोआप बदलणारा? ‘खरी जीप हातानेच हाकावी’ असे जुने जाणते सांगतात. इतिहास काय सांगतो, ते पाहू.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याच्या विलीज जीपला पुढे जाण्याचे तीनच गियर होते, तेही हाताने बदलायचे. पण शेजारी आणखी दोन आखूड दांड्या असत. एक पुढच्या चाकांनाही जोर देई. दुसरी वेग निम्म्यावर आणून जोर जवळजवळ दुप्पट करी. पहिला गियर आणि ही दांडी जोडीने लावली, की इंजिनाच्या सुमारे २५ फेऱ्यांना चाकाची एक फेरी होई. जीपचे चढणीवरचे सामर्थ्य होते ते इथे.

मौज अशी की, त्याच सैन्याच्या एम-५ या हलक्या रणगाड्यात आपोआप बदलणारा गियर होता! त्यामागचे तत्त्व हेर्मान फोटिंगर या जर्मन इंजिनियराने १९०५ मध्ये जहाजांसाठी शोधले होते. इंजिनाचा जोर क्लचच्या तबकडीऐवजी फिरत्या तेलातून पुढे जातो. म्हणजे ‘आपोआप’ हा काही नाजूक शहरी गाड्यांचाच थाट नव्हे.

आपल्याकडे महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपांची जोडणी सुरू केली. त्याच घराण्यातली २०१० ची थार हाती गियरचीच होती. २०२० च्या नव्या थारमध्ये मात्र दोन्ही प्रकार मिळू लागले, आणि ती आखूड दांडी दोन्हींत राहिली.

मग निवड कशी करावी? दगडगोट्यांच्या चढणीवर क्लच जरा चुकला की इंजिन बंद पडते, गाडी मागे सरकते, आणि मागे दरी असली म्हणजे जिवावर बेतते. तिथे तेलाचा गियर बरा; इंजिन सहसा बंद पडत नाही आणि जोर सलग मिळतो. उलट, बॅटरी उतरली तर हाती गियरची गाडी चार माणसे ढकलून सुरू करतात. दुसरीला ती सोय सहसा नसते. मुरबाड-शहापूरच्या आडगावी ही गोष्ट लहान नाही. किंमतही हाती गियरचीच कमी. उतारावर मात्र दोन्हींना नियम एकच: खालचा गियर लावून इंजिनाने गाडी आवरावी, नुसत्या ब्रेकवर विसंबले तर ते तापून निकामी होतात.

रोज शिळफाट्याच्या कोंडीतून जाणाऱ्याने डाव्या पायाला विसावा दिला म्हणून कोणी हसू नये. मात्र गाडी डोंगरात न्यायची असेल, तर गियरचा वाद घालण्याआधी ती आखूड दांडी आहे की नाही, एवढे अवश्य पाहावे.