दिवसांचा हिशेब

भगिनींनो, अहवाल आणि पाककृती यांच्या मधोमध हा विषय पाहून कुणी नाक मुरडील. मुरडू द्या. मी सातवी शिकलेली बाई. परंतु या हिशेबातल्या एका चुकीपायी चार वर्षे "हिची कूस उजवत नाही" हे ऐकले आहे, म्हणून लिहिते.

आपल्याकडचा जुना हिशेब सोळा रात्रींचा. मनुस्मृतीतही ऋतुकाल तेवढाच सांगितला आहे. आमच्या सासूबाई तोच धरीत. माझी पाळी मात्र ३५ दिवसांनी यायची.

शेवटी एका नर्सबाईंनी मला आठ महिन्यांच्या तारखा लिहावयास लावल्या आणि म्हणाल्या, "अगं, मागून मोज!" स्त्रीबीज सुटते ते पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी. पाळी २८ दिवसांची असेल तर चौदाव्या दिवसाच्या सुमारास, आणि माझे एकविसाव्याच्या. सोळा रात्री तोवर केव्हाच सरलेल्या! बीज जेमतेम एक दिवस टिकते, पुरुषबीज पाच दिवसांपर्यंत. म्हणून मूल राहण्याजोगे दिवस महिन्यात सहाच.

हे जगाला कळून शंभरच वर्षे झाली. जपानच्या डॉ. ओगिनोंनी १९२४ मध्ये ते मांडले, पाठोपाठ ऑस्ट्रियाच्या डॉ. क्नाउस यांनी. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगरबाई संततिनियमनासाठी गांधीजींना भेटल्या, त्या आपल्या वर्ध्यालाच. साधनांना गांधीजींचा विरोध कायम राहिला. परंतु 'सुरक्षित दिवस' पाळणे त्यांना तितके नापसंत नव्हते, कारण त्यात काही दिवस तरी संयम आहे. एवढ्या जवळ झालेले हे बोलणे माझ्या आजीच्या कानी मात्र कधी आले नाही.

पुढे राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री असताना, १९५२ च्या सुमारास, दिल्लीची लोधी कॉलनी आणि म्हैसूरकडील रामनगरम येथे डॉ. स्टोन यांच्या योजनेप्रमाणे बायकांना रंगीत मण्यांच्या माळा दिल्या गेल्या. रोज एक मणी सरकवायचा. रंग पाहून दिवस ओळखायचा. पुष्कळजणींनी ते मध्येच सोडले. चूल, पाणी, तान्हे मूल यांत एखादा मणी राहणारच. त्यांना हसण्यासारखे काही नाही. शिवाय आजारपणाने, अंगावर पाजण्याने पाळी मागेपुढे होते. म्हणून मूल नको असेल तिने नुसत्या या मोजणीवर विसंबू नये, दवाखान्यात विचारावे.

नर्सबाईंनी सांगितल्यानंतर वर्षभराने माझी थोरली झाली. आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या खाड्याची फुली माझी असते आणि तिच्या तारखेचे टिंब तिचे.