बट्टा

'घराण्याच्या नावाला बट्टा लागला' असे आपण सहज बोलून जातो. पेशवाईत मात्र बट्टा रोज लागत असे, आणि तो रुपयाला. एका टांकसाळीचा रुपया दुसऱ्या मुलखात चालवायचा तर सराफ त्यातून काही कापून घेई. त्या कापण्याला बट्टा म्हणत.

कोगनोळी-निपाणीच्या पट्ट्यात उभे राहून पाहिले की या बट्ट्याचे कारण कळते. बेळगावला लागून असलेल्या शहापुरात सांगलीकर पटवर्धनांची टांकसाळ. पूर्वेला बागलकोटची, रास्त्यांच्या नावावरून 'मल्हारशाही' पाडणारी. पुण्याकडचा अंकुशी, नाशिककडचा चांदवडी. यांतल्या बहुतेकांवर नाव दिल्लीच्या बादशहाचे! चांदी कमीजास्त, वजन कमीजास्त, त्यात झीज. शेतकऱ्याने सारा भरायला आणलेला रुपया कितीचा, हे ठरवणार कोण?

गावगाड्यात हे काम पोतदाराकडे होते. तो बहुधा सोनारच असे. तो नाणे काट्यावर घाली, दगडावर वाजवी, कसोटीवर घासी, आणि शंका आली तर पोगराने टोचा मारून आत तांबे आहे का पाही. पुष्कळ जुन्या रुपयांवर असे टोचे आणि सराफांचे बारीक ठसे दिसतात. पारख उत्तम. अडचण एवढीच की पारख करणारा आणि बट्ट्यावर कमावणारा हे अनेकदा एकाच पेढीवर बसत. रयतेचा रुपया घेताना तो 'हलका' ठरे, तोच पुढे देताना 'चोख' होई.

१८३५ साली कंपनी सरकारने एकच रुपया केला: वजन १८० ग्रेन म्हणजे ११.६६ ग्रॅम, बारात अकरा भाग चांदी. १८७८ च्या करारानंतर आमच्या गोव्याचा पोर्तुगीज रुपयाही त्याच वजनाचा आणि त्याच कसाचा झाला. झिजेचाही नियम ठरला. १९०६ च्या नाणे कायद्यात रुपयाचे वजन २ टक्क्यांहून अधिक घटले की तो कायदेशीर चलन राहत नसे. म्हणजे साधारण पाव ग्रॅमची मोकळीक. कारकुनाला आवडावा असा हा नियम आहे. काटा काय म्हणतो तेवढे पाहायचे, कोणाचे मत विचारायचे नाही.

आता रुपया बाजारातून उठून संग्राहकाच्या कपाटात गेला आणि बट्टा नव्या नावाने परत आला. हल्ली त्याला 'ग्रेड' म्हणतात. अमेरिकेत विल्यम शेल्डन याने १९४९ साली तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी १ ते ७० असे आकडे बसवले. मुळात ते किमतीचे प्रमाण होते. निव्वळ ओळखू येणारे नाणे १ चे, तर अगदी कोरे त्याच्या ७० पट! पुढे १९८६-८७ पासून नाणे प्लास्टिकच्या डबीत बंद करून वर आकडा छापणाऱ्या कंपन्या निघाल्या. आपल्याकडे मात्र बहुतेक व्यवहार विक्रेत्याच्या शब्दावरच चालतो. विकताना 'एक्स्ट्रा फाइन', घेताना 'घासलेले'.

कोगनोळीला माझ्या मावशीकडे असाच प्रकार झाला. नातवाच्या कॉलेजची फी भरायची होती म्हणून तिने पेटीतले अकरा रुपये आणि एक शिवराई बाहेर काढली. फोटो पाहून एका शहरातल्या व्यापाऱ्याने निरोप दिला, सगळी घासलेली आहेत, चांदीच्या भावाने घेतो. त्याच व्यापाऱ्याच्या विक्रीच्या यादीत तसलीच नाणी 'जवळजवळ कोरी' म्हणून होती!

मी भिंग आणि सोनाराचा छोटा काटा घेऊन बसलो. कमी चांदीचा एकही नव्हता. तसले रुपये १९४० पासूनचे. १८४० सालच्या दोन रुपयांवर राणीच्या कानावरचे केस सपाट झाले होते. ही खरी झीज. १८६२ च्या रुपयांवर मुकुटाची रत्ने आणि झग्याची वेलबुट्टी पाहायची, कारण उंच भाग आधी झिजतो. (हे साल पाहून कोणी हुरळू नये. १८६२ चे साल पुढे १८७४ पर्यंत छापत राहिले.) नऊ नाणी लखलखत होती. तीच वाईट! दर लक्ष्मीपूजनाला चिंच आणि राख लावून घासल्याने त्यांच्या अंगावर केसासारखे बारीक ओरखडे उठले होते. दिव्याखाली नाणे तिरके धरले की ते दिसतात. न घासलेल्या कोऱ्या नाण्यावर उजेड चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो, घासलेल्यावर तो एकाच जागी पांढरा पसरतो. उरलेले दोन रुपये कापडाच्या घडीत राहून काळपट पडले होते. दोन्ही १८६२ चे. त्यातल्या एकाची वेलबुट्टी शाबूत होती, आणि काळपटपणाखाली उजेड फिरत होता. वजन ११.६४.

शिवराईला तर हे इंग्रजी आकडे लागूच होत नाहीत. एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति', पण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान, त्यामुळे चारदोन अक्षरे जन्मतःच बाहेर राहिलेली असतात. न दिसणारे अक्षर म्हणजे झीज नव्हे. आहेत त्या अक्षरांच्या कडा बोटाला लागतात का, ते पाहायचे. मावशीच्या शिवराईवरचे 'श्री' अर्धेच होते, पण खणखणीत उठलेले.

गंमत म्हणजे पोतदाराचा तो टोचा, जो एके काळी 'हे खरे' अशी ग्वाही होता, त्याला डबीवाले आज 'इजा' म्हणतात आणि किंमत उतरवतात. मला हे पटत नाही. बनावट नाण्यांच्या या दिवसांत जुना टोचा दिसला की मला तरी बरे वाटते.

काळपट रुपया शेवटी कोल्हापूरच्या एका संग्राहकाने समोर बसून, भिंगाखाली पाहून घेतला. चांदीच्या भावाच्या चौपट दिले. बाकीची नाणी पेटीत परत गेली. मावशीला बजावून सांगितले की यंदा घासू नकोस, ओल्या फडक्यानेसुद्धा पुसू नकोस.

"आणि लक्ष्मीपुढं मळकी ठिवू व्हय रं?" ती म्हणाली.