यीस्टवरील प्रारण-परिणाम

यीस्टवरील प्रारण-परिणाम : क्ष-किरण, गॅमा किरण, वेगवान इलेक्ट्रॉन तसेच जंबुपार किरण यांमुळे यीस्टच्या पेशीपटलात व जगण्याच्या क्षमतेत होणारे बदल. या विषयात ‘जगणे’ म्हणजे विभाजन होऊन वसाहत तयार होणे. श्वसन चालू असूनही विभागू न शकणारी पेशी मृत धरतात.

मात्रा : माणसाला ४ ते ५ ग्रे (शोषित प्रारणाचे एकक) मात्रा उपचारांअभावी बहुधा प्राणघातक ठरते, तर सॅकॅरोमायसीज सेरेव्हिसी या यीस्टची द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) पेशी शेकडो ग्रे सोसते. एकगुणित (एकच संच असलेली) पेशी त्यामानाने नाजूक. मात्र मुकुल फुटलेल्या अवस्थेत तीही चिवट असते, कारण डीएनएची दुसरी प्रत हाताशी असल्याने तुटलेले धागे तिच्या आधारे सांधता येतात. या दुरुस्तीस लागणारे आरएडी-५२ जनुक निकामी झाल्यास ही सोय जवळपास संपते.

पेशीपटल : मृत्यूचे मुख्य कारण डीएनएची मोडतोड, हे बहुमान्य आहे. पेशीपटलाचा वाटा किती, यावर मतैक्य नाही. प्रारण-जीवशास्त्रज्ञ टिक्वा आल्पर यांनी पटल हे दुसरे आघातस्थान असावे असे सुचवले. विरुद्ध बाजूचा पुरावा असा की पटलातून पोटॅशियम झिरपू लागण्यास विभाजन थांबवणाऱ्या मात्रेहून बरीच मोठी मात्रा लागते. शिवाय या यीस्टमध्ये एकच द्विबंध असलेली मेदाम्ले बनतात. बहु-असंतृप्त मेदाम्लांइतकी ती सहज ऑक्सिडीभूत होत नाहीत. पटलातील एर्गोस्टेरॉल हे स्टेरॉल व असंतृप्त मेदाम्ले तयार करण्यास ऑक्सिजन लागतो. त्यामुळे ऑक्सिजनविरहित वाढवलेल्या यीस्टला ती बाहेरून पुरवावी लागतात, आणि पटलाची घडण प्रयोगकर्त्याला हवी तशी बदलता येते. पटल अभ्यासण्यास यीस्ट सोयीचे ठरते ते यामुळे.

महाराष्ट्रातील कार्य : तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील मूर्ती, देवरुखकर व राव यांनी द्विगुणित यीस्टवर उष्णता व आयनीकारक प्रारण यांच्या आघातांची परस्परक्रिया तपासली (१९७९). उष्णतेने पटलाची प्रवाहिता बदलते आणि डीएनए-दुरुस्तीही मंदावते, म्हणून अशा प्रयोगांत दोन्ही परिणाम वेगळे काढणे अवघड जाते. कर्करोगावरील उष्णतोपचारामुळे या प्रश्नाला वैद्यकीय महत्त्व आले. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या औद्योगिक सूक्ष्मजीव संग्रहात यीस्टचे वाण जतन केले आहेत.

जंबुपार किरण : यांनी पटलातील एर्गोस्टेरॉलपासून ड२ जीवनसत्त्व बनते.